कातरणीची सावड

१० फेब्रुवारी, सोमवार

बीडला बचत गटाच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. दिवाळीनंतर, म्हणजे मोहिनीचे पप्पा गेल्यापासून, मी पहिल्यांदाच वस्तीबाहेर पडले. जायचे मनात नव्हते. छबुबाई आमच्या गटाची अध्यक्ष, मी सचिव. ती सकाळीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू न्हाई आलीस तर तिथं सही कुठं करायची तेच मला कळत न्हाई. चल गपचिप." तिला सही कुठे करायची ते चांगले कळते. ती मला घराबाहेर काढायला आली होती, हे चौसाळ्याला एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आले. बरे वाटले.

विषय होता टीमवर्क. शिकवायला मनिषा मॅडम होत्या. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि एकेकीला अर्थ विचारला. कुणी एकी म्हणाले, कुणी सहकार्य. छबुबाई म्हणाली, "मॅडम, टीमवर्क म्हंजी एकीनं पापड लाटायचे अन् दुसरीनं फोटो काढायचा." सगळ्या हसल्या, मॅडमसुद्धा. मला विचारले तेव्हा मी पुढचीकडे बोट केले. बारावी शिकलेली म्हणून सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मॅडमनी घरचा अभ्यास दिला आहे. पुढची बैठक दहा मार्चला. तोपर्यंत हा शब्द जिथे ऐकू येईल तिथे कोण म्हणाले आणि कशासाठी म्हणाले ते लिहून ठेवायचे. बैठकीत आपल्या आयुष्यातले एक उदाहरण सांगायचे. म्हणून मोहिनीच्या जुन्या वहीतली कोरी पाने घेतली. लिहिण्याची सवय नाही. पण जेवणे झाल्यावर घर फार गप्प होते. तेव्हा हाताला काही काम असलेले बरे.

१२ फेब्रुवारी

शब्द लगेच सापडला. हरिओम भाऊजींचा पुण्याहून फोन आला. माझे धाकटे दीर, तिथे कंपनीची गाडी चालवतात. म्हणाले, "वैनी, आपन टीमवर्कनं ठरवू. मेंढरं इकून टाकू. मांजरसुंब्याच्या व्यापाऱ्याला मी बोललोय. शिवरात्र झाली की येतो म्हनलाय."

वहीत लिहिले: टीमवर्क म्हणजे आधी ठरवणे आणि मग विचारणे.

लिहून झाल्यावर वाईट वाटले. भाऊजी मनाने चांगले आहेत. छातीत दुखायला लागले तेव्हा बीडला नेईपर्यंत मोहिनीच्या पप्पांचा हात त्यांच्याच हातात होता. सुट्टीला आले होते ते. आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मेंढ्या चाळीसेक आहेत. सकाळी माझ्या सासूबाई, जानकीआत्या, त्यांना चरायला नेतात. दुपारनंतर मी जाते. आत्यांचे गुडघे दुखतात, बोलत नाहीत.

शिवाय कातरणी राहिली आहे. थंडी सरली की उन्हाच्या आधी लोकर कातरतात. यंदा अंगावर तशीच आहे. आत कुसळे रुतली आहेत, गोचिडी झाल्या आहेत. मेंढ्या बाभळीला अंग घासत उभ्या राहतात, धड चरत नाहीत.

दुपारी आत्यांनी माळ्यावरचे मोठे पातेले खाली घ्यायला लावले आणि राखेने घासले. कशाला ते विचारले नाही. माणूस दुःखात काहीतरी घासत बसते.

१५ फेब्रुवारी

म्हाळूआबा आज पुन्हा आले होते. वस्तीतले सगळ्यात जुने मेंढपाळ, सगळे त्यांचे ऐकतात. ओट्यावर बसले, पाणी मागितले. मग मेंढवाड्यात गेले. दोन-तीन मेंढ्यांच्या पाठीची लोकर बोटांनी फाकवून बघितली. बाहेर येऊन मोहिनीच्या पप्पांचे नाव घेऊन मला विचारले, "सोमेश्वरची कातर कुठं हाय?"

मी म्हटले, "खुंटीला आहे, आबा."

"हं. गंज धरंल," म्हणाले. आणखी थोडा वेळ बसले, माझ्याकडे बघितले, आत्यांकडे बघितले आणि उठून गेले.

मला ते लागले. ती कातर जुन्या लोखंडाची आहे, तशी आता मिळत नाही असे मोहिनीचे पप्पा म्हणायचे. माणूस जाऊन किती दिवस झाले, की लोक त्याच्या वस्तूंवर नजर ठेवायला लागले. मागितली तर देऊन टाकीन. पण मागू नये असे वाटते.

१८ फेब्रुवारी

मोहिनीच्या शाळेतही तो शब्द निघाला. पाच मुलींनी टीमवर्क करून तक्ता बनवायचा होता. मोहिनीने एकटीने बनवला. खाली पाच नावे. अर्थ: एकीने करणे, सगळ्यांनी नावे लिहिणे. मी तिला म्हटले, बाईंना सांग. ती म्हणाली, "जाऊ दे मम्मी, चित्र मलाच चांगलं येतं." ती पप्पांवर गेली आहे.

संध्याकाळी मेंढ्या घेऊन येताना अजिनाथचा कळप समोरून आला. सगळ्या मेंढ्या कातरलेल्या, हलक्या होऊन उड्या मारत होत्या. आमच्या त्यांच्या शेजारी ओझे घेतल्यासारख्या दिसल्या. म्हणजे वस्तीत कातरणी सुरू झाली आहे.

आमच्याकडे कातरणी सावडीने होते. आज याचा कळप, परवा त्याचा. सगळे गडी आपापली कातर घेऊन जातात. मजुरी कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही. सकाळची न्याहारी ज्याची त्याने न्यायची, दुपारचे जेवण ज्याचा कळप त्याने घालायचे. मोहिनीचे पप्पा एकही घर चुकवायचे नाहीत. मी चार भाकरी बांधून द्यायचे. एवढ्या कशाला म्हटले तर नुसते हसायचे.

यंदा आम्हाला कुणी काही बोलले नाही. ते बरोबरच आहे. सावड हाताला हात अशी असते. आमच्या घरचा हात गेला, तेव्हा आमची सावडही गेली. आमच्याकडून परत कुणी जायचे नाही, मग त्यांनी कशाला यावे? यात कुणाचा दोष नाही. मला इतकेच वाटते की कुणी येऊन तसे सांगितले असते तर बरे झाले असते.

२० फेब्रुवारी

गटाच्या कामाला चौसाळ्याला गेले होते. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर ओरडत होता, "चला, टीमवर्क दाखवा, मागं सरका!" अर्थ: मागे सरकणे. एका म्हाताऱ्याने विचारले, "अन् तू कावून पुढं हायस बे?" सगळी गाडी हसली. मीही हसले. हसल्यावर आजूबाजूला बघितले, कुणी बघते आहे का म्हणून. कुणी बघत नव्हते.

चौसाळ्यात पैसे घेऊन कातरणारी दोन माणसे आहेत. त्यांना गाठले. एकाने वस्तीचे नाव विचारले आणि हात जोडले. "न्हाई बाई. तुमच्यात सावड हाय. आमी तिथं आलो तर म्हाळूआबाला तोंड काय दाखवायचं?" मी म्हटले, आमच्या घराला आता सावड नाही. तो म्हणाला, "असं आबा म्हनले का?" मी तशीच एसटीकडे परत फिरले. गरजेला माणूस पैसे देऊनही मिळत नाही.

२१ फेब्रुवारी

आज स्वतः करून बघितले. खुंटीवरून कातर काढली. मोहिनीच्या पप्पांनी तिला पंच्यात गुंडाळले होते, गेल्या वर्षीची गाठ तशीच होती. गाठ सोडायला वेळ लागला.

एक गरीब मेंढी धरली. कातर उघडते, पण मिटताना हात वळतो. थोडी लोकर निघाली आणि तिच्या कुशीला कातर लागली. रक्त आले. हळद भरली. ती काही ओरडली नाही, ते जास्त वाईट वाटले. कातर पुन्हा गुंडाळून ठेवली आणि मेंढवाड्यातच बसून राहिले.

संध्याकाळी भाऊजींना फोन करून सांगितले की व्यापाऱ्याला येऊ द्या.

मी योग्य केले का, माहीत नाही. या मेंढ्या ते नावाने ओळखायचे. मला त्यातल्या निम्म्यांची नावे येतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बरेच घडले. नीट लिहिते.

सकाळी पाण्याच्या टाकीवर अजिनाथ भेटला. तो मोहिनीच्या पप्पांचा लहानपणापासूनचा सोबती, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "वैनी, तुमचं टीमवर्क सगळं बीडला. आमी हितं काय मेलो का?" मी हंडा उचलला आणि निघाले. मागून तो म्हणाला, "घ्या! बोललं की रुसत्यात, न्हाई बोललं की आमी वाईट."

दुपारी मी आत्यांना सांगितले की मेंढ्या विकायला मी हो म्हटले आहे. मला वाटले त्या रडतील. त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "इक. तुझं हाय, तू इक. पर बिनकातरलेली मेंढी आपल्या दारातनं जात न्हाई. लोक म्हनतील, सोमेश्वरच्या माघारी कळपाला कुनी हात लावला न्हाई."

"पण कातरणार कोण, आत्या?"

"सावड."

"आपली सावड कुठे राहिली? आले का कुणी?"

आता त्यांचे हात थांबले. "बोलावलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "कातर घिऊन आबाच्या दारात जावं लागतंय. कातर दावली की सावड ठरती. तुला कसं ठावं न्हाई? दरसाल सोमेश्वर जात हुता की."

खरेच माहीत नव्हते. ते कातर घेऊन जायचे ते धार लावायला, असे मी समजत होते. लग्नाला चौदा वर्षे झाली. पुरुषांचे काम म्हणून मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

मी म्हटले, "मग तुम्ही मला आधी का नाही सांगितले?"

"म्हनलं पोरीला दुःख हाय. त्येची कातर हातात घी म्हनून कावून टोचावं? तुझं तुलाच वाटंल तवा जाशील. पातेलं मातुर घासून ठिवलंय."

मग पातेल्याचे कळले.

मी विचारले, "बाईने कातर नेलेली चालते का?"

आत्यांनी बराच विचार केला. "कुनी नेलेली मी पाह्यली न्हाई," म्हणाल्या. "पर निऊ ने असं कुनी म्हनलेलंबी ऐकलं न्हाई."

२४ फेब्रुवारी

कातर पंच्यात गुंडाळून आबांकडे गेले. वाटेत दोनदा परत फिरावे वाटले. आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी पदर नीट केला आणि कातर त्यांच्यापुढे ठेवली. काय बोलायचे असते ते आत्यांना विचारायचे राहून गेले होते, म्हणून काही बोलले नाही.

आबांनी पंचा सोडला. कातर उघडली, मिटली, अंगठ्याने धार बघितली. मग घरात आवाज दिला, "ए सुभद्रे, च्या ठिव. सोमेश्वरची कातर आली."

आबांच्या पत्नी सुभद्राबाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

आबा म्हणाले, "लई उशीर केलास पोरी. तुझ्या दारात यिऊन पानी पिऊन पिऊन माझं पोट फुगलं."

मी म्हटले, "मला वाटले तुम्हाला कातर पाहिजे."

"मला? मला माझीच उचलंना आता." ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बघ, न बोलावता कुनाच्या कळपात कातर घातली, तर त्या कळपाला धनी न्हाई असं म्हनल्यावानी हुतंय. आमी तसं कसं करावं? धनी हाय की. तू हायस. म्हनून थांबलो."

इतके दिवस मी समजत होते की ते माझ्याकडे पाठ करून बसले आहेत. ते माझी वाट बघत बसले होते.

चहा घेतला. उठताना मी म्हटले, "आबा, तुमचे फार उपकार झाले." ते म्हणाले, "उपकार-बिपकार बीडला. हितं सावड."

कातर ठेवून घेतली आहे, धार लावून देतील.

१ मार्च, शनिवार

हात दुखतात, तरी लिहिते.

काल तलावावर मेंढ्या धुतल्या. आज पहाटेच माणसे यायला लागली. मी दहा-बारा गडी धरले होते, आत्यांनी वीस जणांचा स्वयंपाक धरला होता. आत्या बरोबर निघाल्या. रात्रीच्या गाडीने हरिओम भाऊजीही आले. व्यापाऱ्याशी पक्के करायला आले होते, पण अजिनाथने त्यांना दारातच पकडले. "आला का बे पुन्याचा सायब? चल, पाय धर मेंढीचे. पँट वर घी." भाऊजी पँट वर करून बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

लिंबाखाली सगळे ओळीने बसले आणि एकदम पंधरा-वीस कातरींचा आवाज सुरू झाला. मी तो दरवर्षी ऐकते. आज ऐकून मला दोन मिनिटे आत जावे लागले.

न्याहारीला सगळ्यांनी फडकी सोडली. अजिनाथ म्हणाला, "आज खरी पंचाईत हाय. मी घरून भाकरी आनतच न्हाई. सोमेश्वर दोन ज्यादा आनायचा, एक माझी अन् एक जो इसरंल त्याची. सवय लागली बघा." कुणीच हसले नाही. मी घरातून भाकरी आणल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. तो खाली मान घालून खात राहिला.

नंतर आबांनी मला बोलावले. धार लावलेली कातर माझ्या हातात दिली. "ह्या घरचा हात पायजे. एक तरी मेंढी तुझ्या हातची झाली पायजे." मी म्हटले, मी एकीला जखम केली आहे. ते म्हणाले, "मग तीच आन." तिला आणले. त्यांनी माझे मनगट धरून दाखवले की कातर दाबायची नाही, लोकरीला लावून सरकवायची. कातडी डाव्या हाताने ताणायची. अजिनाथ लगेच सुरू झाला, "वैनी, जरा हळू, ती त्या दिसापास्नं तुमाला बघून देवाचं नाव घ्यायलीय." या वेळी मी त्याला म्हटले, "तुम्ही भाकरी खा." सगळे हसले. मेंढी पुरी व्हायला फार वेळ लागला. पाठीवर पायऱ्या पायऱ्या दिसतात. पण रक्त आले नाही.

दुपारी लापशी आणि आमटी. मोहिनी आणि छबुबाई वाढत होत्या. भाऊजींचा फोन वाजला. व्यापारी होता. भाऊजींनी फोन कानापासून दूर धरून आबांना विचारले, "काय सांगू, आबा?"

आबा पानातून वर न बघता म्हणाले, "मला काय इचारतो? धनिनीला इचार."

सगळे जेवायचे थांबले. मी वाढायची पळी हातात घेऊन उभी होते. आत्या चुलीपाशी होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही. मी म्हटले, "नको म्हणून सांगा."

एवढेच बोलले. भाऊजी फोनवर म्हणाले, "न्हाई हो, घरच्यांचं न्हाई ठरलं." आणि मला म्हणाले, "वैनी, आईच्या गुडघ्याचं काय मग?"

मी पळी खाली ठेवली. अजिनाथ म्हणाला, "त्यात काय? चारायला माझ्या कळपासंगं येऊ द्या. चाळीस मेंढरं मला काय जड हायत? पावसाळ्यात मी पेरनीला गेलो की वैनी तीन दिस माझी बी संबाळतील. कातरता येतंय आता, चारता कावून न्हाई यायचं?"

मी म्हटले, येईल.

सगळे गेल्यावर मेंढ्या बघायला गेले. हलक्या झाल्या आहेत. बाभळीला कुणी अंग घासत नव्हते, सगळ्या चरत होत्या. मी हात जोडले. कुणाला ते नीट सांगता येणार नाही. सगळ्यांनाच.

५ मार्च

मॅडमच्या अभ्यासाला बसले. टीमवर्क म्हणजे, असे तीनदा लिहिले आणि पुढे सुचले नाही. मागची पाने वाचली. भाऊजींचे लिहिलेले वाचून लाज वाटली, पण खोडले नाही. खाली लिहिले की दुपारपर्यंत मेंढ्यांचे पाय धरले.

छबुबाई विचारत होती, तू काय उदाहरण देणार. मी म्हटले, अजून ठरले नाही. ती म्हणाली, "मी पापडाचंच सांगनार. मॅडमला आवडलंय."

९ मार्च, रविवार

बाकी सगळ्यांचे कळप आमच्या आधीच झाले होते, आता आबांचा तेवढा राहिला आहे. ते नेहमी स्वतःचा शेवटी ठेवतात. संध्याकाळी ते स्वतः आले, कातर घेऊन. ओट्यावर बसले आणि कातर पुढे ठेवली. माझ्यापुढे. म्हणाले, "उद्या आमचा कळप."

मी पाणी दिले.

ते गेल्यावर लक्षात आले, उद्या दहा तारीख. बीडची बैठक. लगेच छबुबाईकडे गेले आणि तिला म्हटले, उद्या तू एकटी जा.

"अगं, अन् टीमवर्कचं कोन सांगनार? तूच तर एवढं लिहीत बसलीस!"

"मॅडमना सांग, तिची कातरणी आहे म्हणून आली नाही."

"त्येंना काय कळतंय कातरणीचं?"

"मग तू समजावून सांग. तुला चांगले बोलता येते."

छबुबाईने कपाळावर हात मारला. "बरं," म्हणाली. "पर सही कुठं करायची?" आणि आम्ही दोघी हसलो.

आमची कातर पंच्यात गुंडाळून दाराशी ठेवली आहे. मोहिनीचे पप्पा ठेवायचे तिथेच. आत्तापर्यंत दरवर्षी भाकरी मी बांधायचे. आज परातीपाशी आत्या बसल्या आहेत. आत्ताच त्यांनी विचारले, "शिवकन्या, न्याहारीला किती बांधू?"

मी म्हटले, "चार."